ठिणगी कुठे अडली?
जुन्या पेट्रोल गाडीचे इग्निशन : आधी दोष शोधा, मग खर्च करा

माग बंद पडला की चांगला कारागीर आधी तुटलेला धागा शोधतो. तो सापडेपर्यंत तो बीम उतरवत नाही आणि मोटारही खोलत नाही. धागा सापडला की गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू होतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून हा दाखला आम्हाला पटकन आठवतो. जुन्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत मात्र याच्या उलट कारभार चालतो. गाडी सुरू झाली नाही की प्रथम प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर कार्बोरेटर खोलला जातो. इतके होऊनही गाडी मिस मारत राहिली की "आता इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवून टाका" असा सल्ला मिळतो. मालकाचा पैसा जातो, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

आजच्या लेखात आम्ही या एकाच विषयाची माहिती देणार आहोत. ज्यांच्या घरी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा तशीच एखादी पॉइंटवर चालणारी गाडी आहे त्यांना तिचा उपयोग होईल. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या होतकरू मुलांना त्याहून जास्त होईल.

हा हुनर अजून चालतो का?

मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. फियाट ११०० ची जी गाडी तेथे बनत असे तिला १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन आणि साधारण ४० अश्वशक्ती, एवढ्या भांडवलावर या गाडीने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कित्येक वर्षे चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.मध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचे वय २० वर्षांपर्यंतच धरले जात असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याचा ॲम्बेसेडरचा कारखाना त्याआधीच, २०१४ साली थांबला होता.

टॅक्सी गेली तसे तिच्यावर पोट असणारे मिस्त्रीही दुसऱ्या कामाला लागले. नव्या मुलांना संगणक लावून दोष वाचता येतो. पण ज्या गाडीत संगणकच नाही तिच्यासमोर ती थबकतात. दुसरीकडे, खासगी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून आहेत. चित्रपटवाल्यांना जुन्या काळाच्या दृश्यासाठी त्या लागतात, शौकीन लोक त्या विकत घेतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे, कारागीर कमी झाला आहे. अशा ठिकाणी काम जाणणाऱ्याला मोल असते. अट एकच, की काम खरोखर जाणले पाहिजे.

ठिणगी तयार कशी होते?

बॅटरीत १२ व्होल्ट असतात. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला १० हजार, १५ हजार, कधी त्याहूनही अधिक व्होल्ट लागतात. ही उडी कॉइल मारते. कॉइलच्या आत लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, शेकड्यांनी वेढे असलेली. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारोंनी वेढे असलेली. जाड तारेतून करंट वाहतो तेव्हा गाभ्यात चुंबकीय शक्ती साठते. हा करंट एकदम तोडला की ती शक्ती कोसळते आणि बारीक तारेत मोठा दाब उठतो.

करंट तोडण्याचे काम सी.बी. पॉइंट करतात. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील चार उंचवट्यांचा कॅम पॉइंटला ढकलतो, पॉइंट उघडतात, ठिणगी उडते. पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो. तो नसेल तर करंट पॉइंटच्या फटीतच पेट घेतो, पॉइंट जळतात आणि ठिणगी मरते. कॉइलमधून निघालेला मोठा दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो आणि रोटर तो ज्याच्या त्याच्या प्लगला पोहोचवतो. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांत हा क्रम १-३-४-२ असा आहे.

ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. पॉइंटवर किती काम पडते याचा हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. एवढ्या वेळा उघडझाप करणारी वस्तू झिजणारच. झीज हा तिचा स्वभाव आहे, तिला दोष म्हणू नये.

तपासणीचा क्रम

कामाला हात घालण्यापूर्वी थोडी खबरदारी घ्यावी. सैल बाह्या, गळ्यातील रुमाल, ओढणी हे सारे फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावे. पेट्रोल गळत असेल तर आधी ते थांबवावे, मगच ठिणगीची परीक्षा करावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी या कामाजवळ उभे राहू नये.

साहित्य फार लागत नाही. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एक साधा मीटर, फिलर गेज, स्वच्छ सुती कापड आणि एक जुना प्लग. या प्लगचा बाजूचा काटा वाकवून फट ५ ते ६ मिलिमीटर करून ठेवावी. मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडणारी ठिणगी इंजिनातही टिकते. नेहमीच्या बारीक फटीतून अशक्त ठिणगीही उडते आणि मिस्त्री फसतो.

१) बॅटरी आणि अर्थ. पूर्ण चार्ज झालेली, आराम घेतलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा १० च्या बराच खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले पाहावीत. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी गंजलेली किंवा सैल असेल तर पुढची सारी तपासणी चुकीची ठरते. पट्टीची दोन्ही टोके खरवडून आवळावीत.

२) कॉइलपर्यंत करंट येतो का? चावी चालू करून टेस्ट बल्बची एक वायर कॉइलच्या बॅटरीकडील टर्मिनलला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी. बल्ब पेटला पाहिजे. न पेटल्यास दोष चावी, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये आहे. कॉइल बदलून उपयोग नाही.

३) पॉइंट काम करतात का? आता बल्ब कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडील बाजूला लावावा. पॉइंट उघडे असताना बल्ब पेटतो, मिटलेले असताना विझतो. सेल्फ मारल्यावर तो लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांच्या तोंडावर मळ वा तेल आहे. मुळीच पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, डिस्ट्रिब्युटरकडील वायर किंवा कंडेन्सर कुठेतरी लोखंडाला टेकला आहे, नाहीतर कॉइलची आतली तार तुटली आहे. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडून पाहिली की दोष कोणत्या बाजूला आहे ते कळते. वायर सोडताच बल्ब पेटला तर कॉइलची तार शाबूत आहे.

४) कॉइलची ठिणगी. कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर काढून तिला तो मोठ्या फटीचा प्लग लावावा. प्लगचे धड एखाद्या वायरने इंजिनाला पक्के जोडावे, हातात धरू नये. सेल्फ मारल्यावर टणक आवाजाची निळी ठिणगी दिसली तर इथपर्यंतची साखळी चांगली आहे. पिवळी, बारीक किंवा मधून मधून येणारी ठिणगी असेल तर संशय पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलवर.

५) कंडेन्सर. हा दहा मिनिटांत निकालात निघतो. जुन्या कंडेन्सरची वायर सोडावी आणि खात्रीचा दुसरा कंडेन्सर बाहेरूनच लावून पाहावा. त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला आणि धड इंजिनाला जोडावे. ठिणगी सुधारली की निकाल लागला. नवा कंडेन्सरही वाईट निघू शकतो. म्हणून 'कालच बदलला आहे' हे प्रमाण मानू नये.

६) कॅप, रोटर, वायरी. कॉइलची ठिणगी चांगली आहे पण प्लगला येत नाही, तर चोर येथेच आहे. कॅप आतून पुसून उजेडात धरावी. केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती करंटने पाडलेली वाट समजावी. अशी कॅप बदलावीच लागते. मधला कोळशाचा तुकडा स्प्रिंगवर हलतो का, रोटरला चीर आहे का, हेही पाहावे. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवले तर गळका करंट वायरींवर निळसर नाचताना दिसतो.

७) प्लग. प्लग शेवटी पाहावेत, पण नीट पाहावेत. तपकिरी, करड्या रंगाचे तोंड म्हणजे सारे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओले तेलकट तोंड म्हणजे इंजिनाची रिंग किंवा व्हॉल्व्हकडून तेल येते आहे. पांढरे भाजलेले तोंड म्हणजे इंजिन तापते आहे. टायमिंग, हवा-पेट्रोलचे प्रमाण आणि प्लगचा नंबर तपासावा.

हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात दोषाची जागा हाती लागते. आणि चौथ्या पायरीला ठिणगी उत्तम असेल, प्लगलाही ती पोहोचत असेल, टायमिंगही बरोबर असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधावा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात, कचरा सोडतात आणि आळ मात्र इग्निशनवर येतो.

काही फसवी लक्षणे

थंड गाडी चांगली चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. हे कॉइल किंवा कंडेन्सरचे लक्षण असू शकते. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन ते अडले तरी हेच घडते. फरक ओळखण्याची वेळ एकच, गाडी बंद पडल्याबरोबर. त्याच क्षणी ठिणगी पाहावी. ठिणगी असेल तर पेट्रोल, नसेल तर कॉइल-कंडेन्सर. गाडी थंड झाल्यावर केलेल्या परीक्षेला अर्थ नाही.

पावसात बंद पडते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हे दुखणे चांगले ठाऊक होते. पाण्याचे तुषार कॅपवर बसतात आणि करंट ओलीवरून पळतो. कॅप काढून आतून-बाहेरून कोरडी करावी. यासाठी धुऊन मऊ झालेले सुती कापड घ्यावे. नायलॉन-पॉलिस्टरचे कापड पाणी शोषत नाही आणि सुटा दोरा कॅपमध्ये राहिला तर नवे दुखणे होते.

गाडी जागेवर छान चालते, ॲक्सिलरेटर दाबला की दचकते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या पाटाला अर्थ देणारी एक लहान, गुंफलेली तार असते. व्हॅक्यूमने पाट हलतो तशी ही तार रोज वाकते आणि एक दिवस वरच्या आवरणाच्या आतच तुटते. आमच्या दुकानाचे तागे मंगलदास मार्केटहून अनेक वर्षे फियाटमधून आले. त्या गाडीला हाच रोग जडला होता. एका गॅरेजने त्यासाठी कॉइल, चार प्लग आणि कार्बोरेटरचे किट असे बिल केले. शेवटी एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनने लाकडी काडीने ती तार हलवून दाखवली. बल्ब विझे आणि पेटे. बोटभर तारेचे काम होते. पूर्वी बदललेले सारे पार्ट चांगले होते आणि त्यांचा पैसा परत आला नाही.

गाडी चालते पण जोर नाही. येथे एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. कॉइलच्या दोन बारीक वायरी उलट लागल्या असतील तरी गाडी चालते, पण प्लगवर ठिणगी उडायला जास्त दाब लागतो. बॅटरीचे टोक बदललेल्या जुन्या विलायती गाड्यांत हे विशेष करून तपासावे.

पॉइंट आणि टायमिंग

पॉइंटची फट किती ठेवावी याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो ०.३५ ते ०.५० मिलिमीटरच्या दरम्यान येतो. ॲम्बेसेडरच्या जातीच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर धरतात. पॉइंटचा टाचेचा भाग कॅमच्या उंचवट्यावर नेमका असतानाच ही फट मोजावी. नवे पॉइंट बसवताना त्यांच्या तोंडावरचा तेलाचा पातळ थर पुसावा आणि कॅमवर ग्रीसचा अगदी लहान ठिपका द्यावा. ग्रीस जास्त झाले की ते उडून पॉइंटवर बसते.

फट आधी, टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटवू नये. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकते. टायमिंग लावून नंतर फट बदलणारा मिस्त्री आपलेच काम मोडतो.

टायमिंगला तोच टेस्ट बल्ब पुरतो. पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीच्या वेळी इंजिनाची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणावी. बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावून चावी चालू करावी. डिस्ट्रिब्युटरचा पट्टा सैल करून त्याचे धड रोटर फिरतो त्या दिशेने बल्ब विझेपर्यंत फिरवावे, मग हळूहळू उलट दिशेने आणावे. ज्या क्षणी बल्ब पेटतो तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. तेथेच पट्टा आवळावा. गाडी चढावर खडखडत असेल तर टायमिंग फार पुढे आहे. इंजिन तापून जोर कमी पडत असेल तर ते मागे असण्याचा संभव आहे.

शेवटी डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो डगडगत असेल तर बुश झिजले आहे. अशा दांड्यावर फट कधीच स्थिर राहत नाही. पॉइंट कितीही नवे आणा.

सुधारणा कोणती आणि केव्हा?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आता नवे राहिलेले नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९७३ पासून आपल्या सर्व गाड्यांत ते दिले. जुन्या गाडीत ते तीन प्रकारे बसवता येते.

पहिला प्रकार, पॉइंट तसेच ठेवून मध्ये ट्रान्झिस्टरचा स्विच बसवणे. पॉइंटमधून फारच थोडा करंट जातो, त्यामुळे ते जळत नाहीत. टाच मात्र झिजतच राहते. बिघाड झाला तर वायरी बदलून गाडी पुन्हा जुन्या पद्धतीवर आणता येते.

दुसरा प्रकार, पॉइंट-कंडेन्सर काढून त्या जागी चुंबकाची चकती आणि ती ओळखणारा सेन्सर बसवणे. झिजणारा भाग उरत नाही, फट लावणे संपते, बाहेरून गाडी जुनीच दिसते. अनेकांसाठी हाच सोयीचा प्रकार आहे.

तिसरा प्रकार, सगळा डिस्ट्रिब्युटरच नवा घेणे. खर्च सर्वात जास्त. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा, वजने, स्प्रिंगा सारेच गेले असेल तरच याचा विचार करावा.

बसवण्यापूर्वी या गोष्टी पक्क्या कराव्यात. गाडीचा अर्थ निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह, हे सर्वात आधी. काही जुन्या विलायती गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, आणि उलट जोडणीने मॉड्यूल क्षणात जळते. कॉइलचा रोध मीटरने मोजावा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा सुमारे ३ ओहम असतो. बॅलास्ट रेझिस्टरसह चालणाऱ्या कॉइलचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. किटच्या कागदावर जो आकडा दिला असेल त्यापेक्षा कमी रोधाची कॉइल लावू नये. मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या असतील तर रोध असलेल्या घ्याव्यात, नाहीतर त्यांचा उपद्रव सेन्सरला होतो. आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडण्याची सवय मोडावी. त्याने कॉइल तापते आणि अनेक मॉड्यूल जातात.

मोठी गैरसमजूत अशी, की इलेक्ट्रॉनिक बसवले की जुने दोष आपोआप जातील. गंजलेला अर्थ, चिरलेली कॅप, अडकलेली वजने, वितळलेली वायर या दोषांना सेन्सर काही करू शकत नाही. उलट, पॉइंट कमी व्होल्टवर रडतखडत तरी चालतात, मॉड्यूल थेट बंद पडते. म्हणून सुधारणा निरोगी गाडीला करावी. आणि तिच्याने ४० अश्वशक्तीची गाडी ६० ची होत नाही. सुरू होणे सोपे होते, चाल एकसारखी होते आणि वारंवार करावे लागणारे काम वाचते. फायदा एवढाच, पण रोज गाडी वापरणाऱ्यासाठी तो लहान नाही.

नफा-नुकसानाचा हिशेब

समजा, पॉइंट-कंडेन्सरच्या जोडीची किंमत १ भाग, एका वेळच्या सेटिंगची मजुरी १ भाग आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवून १० भाग. बाजारभावाप्रमाणे हे आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. पॉइंटची जोडी १०,००० किलोमीटर चालते आणि सेटिंग ५,००० किलोमीटरला करावे लागते असे धरू.

वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला १.२ भाग पॉइंट आणि २.४ भाग मजुरी, असा ३.६ भाग खर्च येतो. किटचे १० भाग पावणेतीन वर्षांत वसूल होतात. येथे सुधारणा करावी.

रविवारीच बाहेर निघणारी गाडी वर्षाला १,००० किलोमीटर फिरते. तिला ०.१ भाग पॉइंट आणि वर्षातून एकदा साफसफाईची १ भाग मजुरी. किटचे पैसे फिटायला नऊ वर्षे लागतात. येथे हिशेबाने सुधारणा परवडत नाही. मन:शांतीसाठी करायची असेल तर करावी, पण बचत म्हणून कोणी सांगितले तर ऐकू नये.

दोन्ही बाबतींत निघालेले चांगले पॉइंट आणि कंडेन्सर पिशवीत घालून गाडीतच ठेवावेत. रस्त्यात मॉड्यूल गेले तर ते अर्ध्या तासात घरी आणतात. मॉड्यूल रस्त्यावर दुरुस्त होत नाही.

कायद्याची एक बाब

केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची वेगळी नोंद आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि मोठा फेरबदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ साली या वयाला पोहोचल्या. म्हणून कोणतीही सुधारणा परत फिरवता येईल अशीच करावी. मूळ डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नये, त्याला भोके पाडू नयेत, तो तेल लावून जपावा. धंदा म्हणून गाडी ठेवू पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की व्हिंटेज नोंद झालेली गाडी भाड्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. आधी उपयोग ठरवावा, मग नोंद.

व्यवहार चोख ठेवावा

कापड गिऱ्हाईक हाताने चाचपून घेते. इंजिनाच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. तेथे मिस्त्रीच्या शब्दावरच पैसा मोजला जातो. म्हणून या धंद्यात शब्दाला मालापेक्षा जास्त किंमत आहे. होतकरू मुलांनी सुरुवातीपासून चार सवयी लावून घ्याव्यात. दोष गिऱ्हाइकाला टेस्ट बल्बवर दाखवावा. काढलेला जुना पार्ट त्याच्या हाती द्यावा. तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी, म्हणजे ती पार्टच्या बिलात लपवण्याचा मोह होत नाही. फट, टायमिंग आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी; पुढच्या खेपेला तीच वही अर्धे काम करते.

मालकांनीही तपासणीची मजुरी देताना कुरकुर करू नये. "नुसते पाहिलेच तर आहे, त्याचे कसले पैसे?" असे म्हणणाऱ्या मालकाला पुढच्या वेळी नको असलेली कॉइल विकत घ्यावी लागते. बोटभर तार शोधून काढणाऱ्याची मजुरी त्या तारेच्या किमतीवर मोजली, तर तार शोधणारे उरणार नाहीत आणि कॉइल विकणारेच तेवढे उरतील.